लिंबू वर येतं

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, मी आमच्या ओसरीवर बसून ज्वारीच्या डब्यात लिंबू पुरलं. पाच किलोचा स्टीलचा डबा, तळाला लिंबू, वरून अर्ध्या डब्यापर्यंत ज्वारी. मग डबा दोन्ही हातांनी धरून खालीवर हलवायला लागले. आई आतून ओरडली, "काय करायलीस गं? सांडशील की समदी."

समोर माझा चुलतभाऊ बसला होता. वय एकवीस, अग्निवीर, सुट्टीचे चार दिवस शिल्लक. सुट्टीनंतर त्याची तुकडी 'वर' जाणार होती. वर म्हणजे नेमकं कुठं, हे आमच्या घरात कुणी विचारत नाही. दादानं सतरा वर्षं फौजेत काढली. त्यामुळं 'वर' एवढा शब्द आम्हाला पुरतो.

आमचं गाव युसूफ वडगाव, तालुका केज, जिल्हा बीड. इथं बर्फ म्हणजे लग्नातल्या पाण्याच्या टाकीत टाकायची लादी, नाहीतर जत्रेतला गोळा. आभाळातून पडतो तो गारांचा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पडला, तेव्हा उभी ज्वारी झोपली आणि अण्णा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. यंदा तर सप्टेंबरात पाण्यानंच सगळं नेलं. मांजरा धरणाचे दरवाजे उघडले, सोयाबीन शेतातच कुजलं. अशा गावातून पोरं उठतात, पहाटे रस्त्यावर पळतात, भरतीला जातात आणि एक दिवस अशा ठिकाणी पोचतात जिथं श्वास घेणं हेच काम असतं.

तर लिंबू. साधारण मिनिटभर डबा हलवला आणि ज्वारीतून हिरवट पिवळी पाठ दिसायला लागली. अजून थोडं हलवलं, अख्खं लिंबू वर. भावानं डब्यात डोकावून बघितलं आणि म्हणाला, "ताई, जादू दाखवायलीस का?"

जादू नाही. त्याला मी एका पिशवीबद्दल सांगत होते.

त्या पिशवीची ओळख मला पुण्यात झाली. मी एका कंपनीत वस्तूंची वर्णनं लिहिते. ऑनलाइन काही विकत घेताना फोटोखाली ज्या चार ओळी तुम्ही न वाचता खाली सरकवता, त्या माझ्यासारखं कुणीतरी लिहिलेल्या असतात. मिक्सर, पडदे, कुत्र्याचे पट्टे. एकदा परदेशातल्या एका दुकानाचा हिवाळी खेळांचा माल आला आणि त्यात होती अ‍ॅव्हलांच एअरबॅग. दिसायला साधी पाठीवरची सॅक. खांद्याच्या पट्ट्यावर एक मूठ. बर्फाचा कडा सुटून तुमच्यावर आला की मूठ ओढायची. आतल्या नळकांड्यातला दाबलेला वायू सुटतो, सुटताना बाहेरची हवाही ओढून घेतो आणि तीनेक सेकंदांत डोक्यामागे दीडशे लिटरचा फुगा उभा राहतो. काही पिशव्यांत दोन फुगे असतात, दोन्ही मिळून एकशे सत्तर लिटर. नव्या पिशव्यांत नळकांड्याऐवजी बॅटरीवरचा पंखा असतो. त्यातली एक पिशवी तर तीन मिनिटांनी फुगा आपोआप रिकामा करते, म्हणजे माणूस पुरलाच असेल तर त्याच्याभोवती श्वासापुरती पोकळी राहावी.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमची विहीर आठवली. पाठीला भोपळा नाहीतर रिकामं कॅन बांधून आम्ही पोहायला शिकलो. हे तेच असणार, फुगा हलका, माणूस तरंगतो. मी वर्णनात तसं लिहिलंही. दुकानाकडून परत आलं, लाल खूण करून : 'तरंगणे' हा शब्द काढा.

मला राग आला, आणि रागाच्या भरात मी वाचायला लागले. तरंगणं खरंच नाही ते. घसरणारा बर्फ पाण्यासारखा दिसत असला तरी वाहतो तो दाण्यांसारखा, हडंब्यातून पडणाऱ्या सोयाबीनसारखा. आणि दाण्यांचा नियम वेगळा आहे. लहानमोठे दाणे एकत्र हलले की मोठ्यांच्या खाली सारख्या फटी पडतात. लहान दाणे त्या फटींत घसरतात, मोठ्याला परत खाली जायला जागाच उरत नाही. तो वर वर येत राहतो. म्हणजे इथं हलकं असण्यापेक्षा मोठं असणं कामाला येतं. पाठीवरचा फुगा तुम्हाला मोठा दाणा करतो. फरसाणाच्या पिशवीत शेंगदाणे वर आणि बारीक शेव तळाला का जाते, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला असेल, तर त्याचं उत्तरही हेच.

आमच्या आईला हे चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. सुपात धान्य घोळताना ती मनगटाला एक हिसका देते आणि ढेकळं, कणसाचे तुकडे, काड्या वर येऊन कडेला जमतात. तिनं याला कधी नाव दिलं नाही.

बर्फातल्या माणसासाठी हे पहिल्यांदा कुणाला सुचलं, तर बव्हेरियातल्या एका वनपालाला. योसेफ होहेनएस्टर त्याचं नाव. १९७० च्या दशकात, शिकार केलेलं जनावर खांद्यावर टाकून जाताना त्याच्या पायाखालचा बर्फ सुटायचा, आणि जनावर खांद्यावर असलं की आपण वरच राहतो हे त्याच्या ध्यानात आलं. मेलेल्या जनावरानं जिवंत माणसाला मोठा दाणा केलं होतं. १९८० मध्ये पीटर आशाउअर नावाच्या जर्मन उद्योजकानं ती कल्पना विकत घेतली, १९८५ मध्ये पहिली पिशवी लोकांसमोर आणली. म्हणजे ही वस्तू चाळीस वर्षांची आहे. मला ती कळली नोकरीमुळं, आणि कळली तेव्हा माझ्या डोक्यात एकच हिशोब सुरू झाला : २०१६.

३ फेब्रुवारी २०१६. मी बारावीला होते, प्रॅक्टिकल चालू होती. सियाचीनवर सोनम ठाण्यावर, १९,६०० फुटांवर, बर्फाची भिंत कोसळली आणि मद्रास रेजिमेंटच्या एकोणिसाव्या बटालियनच्या ठाण्यावरचे दहा जण गाडले गेले. दादा तेव्हा वर होता. त्या ठाण्यावर नव्हता, पण हे आम्हाला माहीत असायचं काही कारण नव्हतं. टीव्हीवर मद्रास मद्रास म्हणत होते आणि अण्णा स्वतःला समजावत होते की आपला त्यात नसतो. मग कळलं की त्या दहांत एक महाराष्ट्रातला आहे. पोटात खड्डा पडला. तो माण तालुक्यातल्या मस्करवाडीचा सुनील सूर्यवंशी होता, तुकडीतला नर्सिंग असिस्टंट. 'आपला नाही' असं कळल्यावर आई हुश्श म्हणाली आणि लगेच पदर तोंडाला लावला. त्या हुश्शची लाज तिला अजून वाटते.

दादाचा फोन आला तिसऱ्या दिवशी. चाळीस सेकंद. बरा आहे, थोडा खोकला झालाय.

मग ८ तारखेच्या रात्री लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पद जिवंत सापडला. पंचवीस-तीस फूट बर्फाखाली, सहा दिवसांनी. डॉट आणि मिशा नावाच्या दोन कुत्र्यांनी शोधायला मदत केली. धारवाड जिल्ह्यातला माणूस, पण आमच्या घरात त्याचं नाव घरच्यासारखं घेतलं जायचं. आईनं देवापुढं साखर ठेवली. ११ तारखेला तो दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात गेला. ती साखर कुणी खाल्ली नाही.

पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१७ मध्ये, काश्मीरात गुरेझ आणि माछिलमध्ये बर्फ कोसळला. गेलेल्यांत अकोल्याचे होते, साताऱ्याचे, सांगलीचे, आमच्या शेजारच्या परभणीचे. माछिलच्या पाच जणांना बर्फातून जिवंत काढलं होतं, पण ते वाचले नाहीत. बर्फातून काढलं म्हणजे वाचला असं नसतं, हे आम्ही तेव्हा शिकलो.

त्यामुळं पुण्यात एका कंपनीच्या खुर्चीत बसून ती पिशवी बघताना मला चीड आली होती. असली वस्तू जगात असताना? त्या चिडीत मी रात्र रात्र वाचत बसले, आणि जसजसं वाचलं तसतशी चीड जागेवरून सरकत गेली.

आधी वेळेचं. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वित्झर्लंडमधल्या बर्फात पुरल्या गेलेल्या लोकांचा हिशोब मांडला होता. पंधरा मिनिटांच्या आत काढलं तर शंभरातले ९२ जगतात, पस्तीस मिनिटांनी ३०. नव्या अभ्यासात तो सुरुवातीचा अवधी दहाच मिनिटांवर आलाय. थंडीनं मरायला वेळ लागतो. माणूस त्याच्या आधी गुदमरतो, कारण तोंडापुढं स्वतःच्याच वाफेचा बर्फ होतो आणि तीच तीच हवा तो ओढत राहतो. म्हणून खरा खेळ आहे तो पुरलंच न जाण्याचा. पिशवी तेवढंच करते. हनुमंतप्पा सहा दिवस जगला हा चमत्कार होता, आणि चमत्काराचा हिशोब धरता येत नाही.

मग आकडे. २०१४ मध्ये पास्कल हेगेली आणि सहकाऱ्यांनी युरोप-अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदी तपासल्या. मोठ्या घसरणीत सापडलेल्या शंभर जणांपैकी, फुगा न फुगलेले २२ मरतात, फुगलेले ११. म्हणजे पिशवी मृत्यू अर्ध्यावर आणते. विकणारे यापेक्षा खूप मोठे आकडे सांगायचे, म्हणून हा अभ्यास मला प्रामाणिक वाटला. शंभरातल्या अकरांना ती वाचवते. ७८ तसेही वाचले असते आणि ११ तशातही मेले. कुणी दगडावर आपटून, कुणी झाडावर, कुणी घळीत जाऊन, जिथं वरून अजून बर्फ येऊन साचतो.

त्या अकरांत असलेल्या माणसाचा चेहरा मला हवा होता. तो एलिस सॉगस्टॅड या अमेरिकन स्कीपटूत सापडला. १९ फेब्रुवारी २०१२, वॉशिंग्टन राज्यात टनेल क्रीक नावाच्या उतारावर बर्फ सुटला. तिनं मूठ ओढली. थांबली तेव्हा तिचा चेहरा आणि हात बर्फाबाहेर होते. बाकी अंग जणू सिमेंटात. त्याच घसरणीत तिच्यासोबतचे तिघे गेले. त्यांच्याकडं पिशवी नव्हती.

पण सोनम ठाण्यावर? तिथं माणसं मुक्कामाच्या जागी होती आणि भिंत वरून पडली. ती कुठं वाहत नव्हती की दाणे वरखाली व्हावेत. ज्वारीचा डबा हलवलाच नाही, आणि वरून पोतं रिकामं केलं, तर लिंबू तळालाच राहणार. पिशवी पाठीवर असती तरी. खरं तर पाठीवर नसतीच, मुक्कामात कोण सॅक घालून बसतं? ज्यासाठी मी इतके दिवस चिडून होते, तिथं ती वस्तू कामाचीच नव्हती. हे कळल्यावर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तर दिवाळीत मी हे सगळं भावाला सांगत होते. कारण सप्टेंबरातच सियाचीनच्या तळाजवळ हिमस्खलनात महार रेजिमेंटचे तीन जवान गेले होते, त्यातले दोन अग्निवीर. सियाचीनवर मरण पावलेला पहिला अग्निवीर तर आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातला, पिंपळगाव सराईचा, ऑक्टोबर २०२३. त्याच्यावर बर्फ कोसळला नव्हता. ती उंची स्वतःच पुरेशी असते. काकू या बातम्या लागल्या की टीव्ही बंद करते.

"ताई, केवढ्याला पडती?" भावानं विचारलं.

मी सांगितलं, बरी पिशवी हजार डॉलरच्या आसपास. त्यानं बोटांवर मोजलं. दुसऱ्या वर्षाच्या अग्निवीराच्या हातात महिन्याला तेवीस हजार येतात. "चार महिन्याचा पगार. तेवढ्यात सेकंडहँड बुलेट येती की," तो म्हणाला आणि हसला.

दादा इतका वेळ बाजेवर पडून मोबाइल बघत होता. निवृत्त झाल्यापासून तो बहुतेक वेळ असाच असतो, ऐकत नाही असं दाखवत. तो उठला, आला, डब्यातलं लिंबू उचललं, परत ज्वारीत दाबलं आणि म्हणाला, "हे आलं वर. मी नव्हतो आलो."

कुणाला काही कळलं नाही.

"लिंकवर होतो. मोठं नव्हतं, आपल्या वाड्याएवढं आलं असंल. पाय गेले, मग सगळंच गेलं. कमरेला लाल दोरी असायची आमच्या, लांब, मागं सोडलेली. तिचं टोक वर राहिलं. ती धरून पोरांनी उकरलं. दोनच मिनिटं गेली म्हणले. मला वाटलं रात्र झाली."

त्यानं हे कुठल्या वर्षीचं ते सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही, कारण दारात आई उभी होती. सूप हातात.

"खोकला झालाय म्हणलास ते," ती म्हणाली.

दादा काही बोलला नाही.

"चाळीस सेकंदाचा फोन. आवाज बसलेला. मी म्हणलं आल्याचा चहा घे. तू म्हणलास व्हय घेतो."

मला वाटलं ती रडेल. ती खाली बसली आणि डब्यातली ज्वारी सुपात घेऊन घोळायला लागली. निवडलेलीच होती ज्वारी. त्यात काहीच नव्हतं वर यायला. नऊ वर्षं आम्ही ३ फेब्रुवारीला दुसऱ्यांच्या दहा जणांसाठी हळहळत होतो, आणि आमचा स्वतःचा त्याच हिवाळ्यात दोन मिनिटं बर्फाखाली होता.

थोड्या वेळानं मी दादाला विचारलं, कारण मला ते विचारल्याशिवाय राहवत नव्हतं. पिशवी असती तर?

त्यानं नीट विचार केला. "दोनतीन किलो वाढलं असतं. तिथं आम्ही साबणाची वडी अर्धी कापून न्यायचो. आणि मूठ म्हणतीस ना, ती ओढायची कधी? मला कळलं तवर माझे हात कुठं हायत तेच कळंना. तीन तीन हातमोजे. एका हातात काठी."

हे मी वाचलेलंच होतं, वेगळ्या भाषेत. हेगेलींच्या त्याच अभ्यासात पाचातल्या एकाचा फुगा फुगलाच नव्हता, आणि त्या न फुगलेल्यांत शंभरातल्या साठांचं कारण यंत्राचा बिघाड नव्हतं. माणसानं मूठ ओढलीच नव्हती. तेव्हा मला वाटलं होतं, किती हा वेंधळेपणा. एवढ्या महागाची वस्तू पाठीवर आणि ओढता येत नाही? आता ते साठ जण मला दादासारखे दिसायला लागले.

म्हणून ती पिशवी वापरणारे शौकीन लोक घरी सराव करतात. डोळे मिटून मूठ शोधायची, हातमोजा घालून ओढायची, शंभरदा. शिवाय पिशवी आहे म्हणून धोक्याचा उतार घ्यायचा नाही, हा पहिला नियम. त्यांना उतार निवडता येतो, हाही एक फरक आहे. आज बर्फ बरा दिसत नाही, जाऊ नको, कॉफी पी, असं त्यांना स्वतःला म्हणता येतं. चंदिगडला संरक्षण खात्याची संस्था आहे, डीजीआरई, ती फौजेसाठी हिमस्खलनाचे इशारे देते आणि तुकड्या त्याप्रमाणे हालचाल ठरवतात. पण ठाणं रिकामं ठेवता येत नाही.

दादानं मग भावाला ओसरीवर उभं केलं. बर्फ सुटला तर काठी टाक. ओरड, म्हणजे बाकीच्यांना तू कुठं हायस ते कळंल. तोंड मिट. आणि वेग कमी व्हायला लागला की, थांबायच्या आधी, हा हात असा तोंडापुढं. थांबल्यावर नाही. थांबल्यावर बोट हलत नाही. त्यानं भावाचा हात धरून तोंडापुढं आणला, खाली सोडला. "परत." भाऊ आधी लाजत होता, मग लाजायचं थांबला. काकू शेजारच्या ओट्यावरून बघत होती आणि तिला वाटलं दोघं कवायत करतायत, तीही हसली. तिला आम्ही काही सांगितलं नाही. घरात हे असंच चालत आलंय.

मी डबा उचलून आत ठेवला. मनातल्या मनात चार महिन्यांचा पगार, माझा की त्याचा, असा हिशोब चालू होताच. दादाला विचारलं, मी घेऊन दिली तर नेता येईल का त्याला? दादा म्हणाला, "तिकडं आपल्या मर्जीची पिशवी नेत नसतेत." आणि बाजेवर जाऊन पडला.

चौथ्या दिवशी पहाटे भाऊ गेला. आईनं भाकरी बांधून दिल्या होत्या, ठेच्यासोबत. गाडी हलली तेव्हा तो खिडकीतून हसून तोंडापुढं हात धरून दाखवत होता, काकूला वाटलं जांभई देतोय.

त्या रात्री मी आणि आई ओसरीवर झोपलो होतो. मला वाटलं तिला झोप लागली.

"ती मूठ कुठल्या हाताची असती?" तिनं विचारलं.

"डाव्या खांद्यावर असते बहुतेक. उजव्या हातानं ओढायची."

ती बराच वेळ गप्प होती.

"तो डावखुरा हाय," ती म्हणाली.